‘स्किन कलर’चा खडू : मराठी शाळांच्या शिक्षकांना आणि पालकांना खुलं पत्र

प्रति,
वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर परिसरातल्या मराठी शाळांचे शिक्षक, पालक आणि मंडळांच्या सहल समित्या

सस्नेह नमस्कार.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या वर्गाला ‘माझी आजी’ हा विषय होता. आठ-नऊ वर्षांची अकरा मुलं. आधी आजीचं चित्र काढायचं, मग त्याखाली मराठीत पाच वाक्यं लिहायची. चित्रं गोळा करून मी टेबलावर ओळीनं मांडली आणि बघत राहिले. अकराच्या अकरा आज्या गुलाबी. नऊवारीतली गुलाबी, पंजाबी ड्रेसमधली गुलाबी, तुळशीला पाणी घालणारीसुद्धा गुलाबी. यातल्या निम्म्या आज्यांना मी भेटले आहे. कुणी गव्हाळ आहे, कुणी सावळी, एकीचा रंग तर भाजलेल्या कॉफीसारखा गडद आहे. त्या आजीच्या नातवाला मी विचारलं, “अरे, तुझी आजी अशी दिसते का?” त्यानं खडू उचलून मला दाखवला. “ताई, हा स्किन कलर आहे ना?”

खडूवर तसं काही छापलेलं नव्हतं. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं त्या रंगाचं ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्येच काढून ‘पीच’ केलं. म्हणजे मुलानं ते नाव खोक्यावर वाचलेलं नाही. ते त्यानं आपल्याकडून ऐकलं. सांगलीच्या शाळेत मीही त्याच रंगाला ‘स्किन कलर’ म्हणत होते, आणि सावळ्या आईची सगळी चित्रं त्याच खडूनं रंगवत होते.

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेच्या वार्षिक सहलीची बैठक झाली. या वर्षी मुलांना नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत नेऊ, असं मी सुचवलं. तिथे आणि त्याच इमारतीतल्या अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आजच्या कृष्णवर्णीय चित्रकारांची कामं आहेत. त्यातली दोन-तीनच, पण नीट बघू, असं मी म्हटलं. त्यावर उत्तर आलं की मुलांना विमानं आवडतात, आणि त्या लोकांच्या चित्रांशी आपल्या मुलांचा संबंध काय? ‘त्या लोकांच्या’ म्हणताना बोलणाऱ्याचा आवाज एकदम खाली गेला. तो खाली जाणारा आवाज आपण सगळे ओळखतो. पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, घर घेताना कुठल्या वस्तीत घ्यायचं याची चर्चा चालू असताना तो आपल्या घरांत ऐकू येतो. मुलंही तो ऐकतात. गुलाबी आज्या आणि तो आवाज एकाच ठिकाणाहून आलेले आहेत, असं मला वाटतं, आणि म्हणून हे पत्र.

सहल विमानं बघायला गेली. मी मे महिन्यातल्या एका शनिवारी चार मुलं, त्यांच्यापैकी दोघांचे पालक आणि भारतातून आलेली माझी आई, अशी माणसं घेऊन गॅलरीत गेले. त्या दिवशी काय दिसलं ते तुम्हाला सांगते.

पहिलं चित्र केहिंदे वायली यांनी काढलेलं बराक ओबामांचं. अमेरिकेच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांची चित्रं गॅलरीत आहेत. बहुतेकांत मागे गडद पडदा, खांब, टेबल, कागदपत्रं. या चित्रात ओबामा लाकडी खुर्चीवर पुढे झुकून बसलेत, हात गुडघ्यांवर एकमेकांत अडकवलेले, गळ्यात टाय नाही, आणि मागे नुसता पाला. पाला मागेच थांबत नाही, तो पावलांवरून पुढे येतो. मुलांना मी काही सांगितलं नाही, पाटीही वाचू दिली नाही. जमिनीवर बसा आणि दहा मिनिटं बघा, एवढंच. तीन मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली, तेव्हा आई म्हणाली, “अगं, ही शेवंती आहे.”

आणि खरंच शेवंती होती. गौरींच्या हारातली असते तशी. मग मुलांनी फुलं शोधायला सुरुवात केली. पांढरी जाईच्या जातीची फुलं सापडली, निळ्या लिलीचे तुरे सापडले. त्यानंतर मी सांगितलं : शेवंती हे शिकागो शहराचं फूल, तिथे ओबामांचं राजकारण सुरू झालं. जाई-मोगऱ्याच्या कुळातली फुलं हवाईसाठी, जिथे ते जन्मले. निळी आफ्रिकन लिली केनियासाठी, वडिलांच्या देशासाठी. एका माणसाचा सगळा प्रवास चित्रकारानं पाल्यात लपवून ठेवला आहे. आठ वर्षांच्या एका मुलीनं लगेच विचारलं, “माझ्या चित्रात कुठली फुलं येतील?” आणि स्वतःच उत्तर दिलं : आजोळचा चाफा आणि मेरीलँडचं ते पिवळं फूल, काळ्या डोळ्याचं. ब्लॅक-आयड सुझन म्हणायचं होतं तिला. ते या राज्याचं फूल आहे. दोन देशांत वाढणाऱ्या मुलाला स्वतःबद्दल बोलायला इतकी सोपी वाट मी वर्गात कधी देऊ शकले नव्हते.

दुसरं चित्र एमी शेराल्ड यांचं, मिशेल ओबामांचं. या दोन्ही चित्रांचं अनावरण १२ फेब्रुवारी २०१८ रोजी एकाच दिवशी झालं. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीच्या चित्रांसाठी गॅलरीनं आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांना काम देण्याची ती पहिलीच वेळ. शेराल्ड यांच्या चित्रात फिक्या निळ्या पार्श्वभूमीवर मिशेल बसल्या आहेत, एक हात हनुवटीखाली, आणि त्यांचा पायघोळ झगा चित्राचा एवढा मोठा भाग व्यापतो की नजर आधी तिथेच जाते. पांढऱ्या कापडावर काळ्या, लाल, गुलाबी, पिवळ्या आकृत्या.

झग्यावरून चेहऱ्याकडे गेल्यावर मुलं थबकली. “ताई, ही राखाडी का आहे?”

चेहरा, हात, खांदे, सगळं राखाडी. शेराल्ड यांच्या बहुतेक चित्रांतली माणसं अशीच आहेत. काळा रंग आणि नेपल्स यलो नावाचा फिका पिवळा यांच्या मिश्रणातून त्या कातडीचा रंग तयार करतात. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतून त्यांना ही दिशा सापडली. कातडीचा रंगच काढून घेतला तर बघणाऱ्याला पहिल्या क्षणी ‘काळी’ म्हणून मोकळं होता येत नाही. त्याला डोळे बघावे लागतात, हनुवटीखालचा हात बघावा लागतो, ही बाई कसला विचार करतेय असं विचारावं लागतं. पण हे सगळं मी मुलांना सांगायच्या आधी माझी आई बोलली, आणि मला तिचंच बोलणं महत्त्वाचं वाटतं.

ती म्हणाली, “माझ्या लग्नाआधीचा फोटो असाच होता.”

तो फोटो मी पाहिलेला आहे. सांगलीच्या एका स्टुडिओत काढलेला, ‘दाखवण्यासाठी’. मूळ फोटो कृष्णधवल. नंतर स्टुडिओवाल्यानं त्यावर हातानं रंग भरला, तेव्हाची पद्धत होती तशी. साडी हिरवी केली, कुंकू लाल केलं आणि आईला गोरी केली. विचारलंही नाही. तिच्या वडिलांनी त्याबद्दल पैसे दिले, आणि मुलाकडची मंडळी प्रत्यक्ष बघायला आली तेव्हा कुणीतरी फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघितलं. हे तिनं त्या शनिवारपर्यंत मला कधी सांगितलं नव्हतं. ती त्या राखाडी चेहऱ्यासमोर उभी होती. रंग भरण्याआधीचा फोटो तिला आवडायचा, असं म्हणाली. त्यात ती तिच्यासारखी दिसायची.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतानं कृष्णवर्णीय अमेरिकन माणसांची शेकडो छायाचित्रं मांडली होती. नीटनेटके कपडे घातलेली, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी साधी माणसं. जग ज्यांना एकाच नजरेनं बघत होतं, ते स्वतःला कसे बघतात हे दाखवण्यासाठी. याच डू बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं, आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. आपल्या मुलांचा संबंध काय, असा प्रश्न बैठकीत आला तेव्हा मला हे सुचायला हवं होतं. तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते आहे.

झग्याकडे परत येते, कारण आई तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबली. तिच्या मते ती वाकळ आहे. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तिनं मुलांना दाखवलं की हे चौकोन पोटात कसे घेतलेत, काळ्या पट्ट्यानं आजूबाजूचे रंग कसे धरून ठेवलेत, आणि एक आकृती मुद्दाम तिरकी पडली आहे ती कुठे. मग मी तिला जे सांगितलं त्यानं ती चकित झाली. चित्राच्या अनावरणाच्या वेळी शेराल्ड यांनी स्वतःच या झग्याचं नातं जीज बेंडच्या गोधड्यांशी जोडलं होतं.

जीज बेंड ही अलाबामा नदीच्या वळणात अडकलेली वस्ती. तीन बाजूंनी पाणी. इथले बहुतेक लोक पेटवे नावाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज, आणि कित्येकांचं आडनाव अजूनही पेटवेच आहे. इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या फाटक्या विजारींच्या, कामाच्या सदऱ्यांच्या, पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवल्या. घरात थंडी होती म्हणून शिवल्या. गुडघ्यावर झिजलेल्या कापडाचा फिकटपणा त्यांत तसाच दिसतो. १९६२ मध्ये लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या गावी जाऊ लागले, तेव्हा नदी पार करणारी नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं. त्या गोधड्या आज मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत, आणि त्यांचा नमुना देशाच्या पहिल्या कृष्णवर्णीय ‘फर्स्ट लेडी’च्या अंगावर एका चित्रकर्तीला दिसला. माझ्या आईनं धावदोऱ्यानं किती वाकळी शिवल्या असतील याची गणती नाही. त्यांना भिंतीवर लावण्यासारखं काही आहे हे घरात आम्हाला कुणालाच कधी सुचलं नाही. एका वाकळीवर कुत्रं झोपतं.

तिसऱ्या चित्राबद्दल मी सविस्तर बोलणार आहे. आपल्या भाषेचं काम खरं तिथे आहे.

केरी जेम्स मार्शल यांचा जन्म १९५५ चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. अमेरिकन आर्ट म्युझियमकडे त्यांचं २००३ मधलं ‘सॉब, सॉब’ हे चित्र आहे. माणसापेक्षा उंच. एक तरुणी जमिनीवर बसली आहे, शेजारी आफ्रिकेच्या आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट. तिच्या डोक्यावर व्यंगचित्रात असतो तसा विचारांचा फुगा, आणि त्यात ‘सॉब’ (SOB) हा हुंदक्याचा शब्द. इंग्रजीत त्याच तीन अक्षरांची एक शिवीही होते. रडू आणि संताप एकाच फुग्यात. इतिहास वाचता वाचता कुणाला असं झालं नसेल? मी बारा वर्षांची असताना आमच्याच गावच्या जुन्या पाणवठ्याची गोष्ट पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला असंच झालं होतं.

पण मुलांना खिळवून ठेवलं ते त्या मुलीच्या रंगानं. मार्शल यांची माणसं तपकिरी नसतात. काळी असतात, पूर्ण काळी. दुरून ती सावलीसारखी सपाट वाटतात. दोन पावलं पुढे गेलं की त्या काळ्यात गाल दिसतो, नाकाची कड दिसते, पापणी दिसते. ते तीन वेगवेगळे काळे रंग वापरतात : एक हाडं जाळून केलेला, एक काजळीचा आणि एक लोखंडाच्या ऑक्साइडचा. शिवाय त्यांत निळा, हिरवा असे रंग मिसळून थंड काळा, ऊबदार काळा असे आणखी काळे तयार करतात. काळ्यावर पांढऱ्याचा उजेड टाकून तो उजळ करायचा नाही, काळ्याच्या आतच सगळी श्रीमंती शोधायची, हा त्यांचा आग्रह. काळ्या माणसाला रंगवताना थोडं गोरं करण्याची जी सवय चित्रकारांना होती, तिला त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं नकार दिला आहे. आमचा सांगलीचा स्टुडिओवाला मला इथेही आठवला.

मी मुलांना विचारलं, मराठीत काळ्याला किती शब्द आहेत? सुरुवातीला एकच आला. मग आईनं आणि दोन पालकांनी भर घातली. काळाभोर. काळाकुट्ट. काळाशार. सावळा, काळासावळा, काळपट, काळसर, श्यामल, काळाकभिन्न. एका वडिलांनी विचारलं, “डोळे काळेभोर, केस काळेभोर, मग माणूस काळाकुट्ट का म्हणतो आपण?” कुणी उत्तर दिलं नाही. शेतीच्या जमिनीला आपण ‘काळी आई’ म्हणतो. पंढरपूरला ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तो काळ्या पाषाणाचा. नंतर घरी येऊन मुलीच्या स्थळासाठी ‘निमगोरी’ असं लिहितो, कारण सावळी लिहिलं तर फोन येत नाहीत. ही दुखरी गोष्ट आपल्याच भाषेत आहे, आणि ती बरी करायचे शब्दही आपल्याच भाषेत आहेत. त्या चित्रासमोर ते शब्द मुलांच्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडले. एकानं मुलीच्या गालाला ‘काळाभोर गाल’ म्हटलं. मराठीत हा शब्दप्रयोग मी याआधी ऐकला नव्हता. मला तो शंभर टक्के बरोबर वाटतो.

काही पालकांनी मला नंतर सांगितलं की आठवड्यात दोन तास मिळतात, त्यात शिवाजी महाराज, संत आणि सण शिकवायचे, अमेरिकेचा वर्णद्वेष मुलं शाळेत शिकतातच. त्यांची ओढाताण मला कळते. पण १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. इथली गुलामगिरी कायद्यानं संपून आठच वर्षं झाली होती. बोटीनं बातमी यायला आठवडे लागायचे त्या काळात एका मराठी माणसानं या देशाकडे बघून आपल्या घरातला प्रश्न ओळखला. आपण तर त्याच देशात राहतो, मेट्रोनं अर्ध्या तासात त्या चित्रांपर्यंत पोहोचतो. तेव्हा मराठी शाळेत हा विषय बाहेरून आणावा लागत नाही, दीडशे वर्षांपासून तो मराठीच आहे.

“हे राजकारण आहे, मंडळानं त्यात पडू नये,” असंही एक मत आलं. त्यावर एवढंच सांगते. जुलै २०२५ मध्ये एमी शेराल्ड यांनी याच पोर्ट्रेट गॅलरीत ठरलेलं आपलं मोठं प्रदर्शन स्वतः मागे घेतलं, कारण स्वातंत्र्यदेवतेच्या रूपात काढलेल्या एका ट्रान्स स्त्रीच्या चित्राबद्दल तिथे कुरबुर सुरू झाली होती. भिंतीवर काय राहील आणि काय उतरेल, हे कुणी ना कुणी ठरवतच असतं. मुलांना तिथे न नेणं हाही निर्णयच आहे, आणि तो आपण मार्चमध्ये घेतला.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या वर्षीच्या सहलीत, किंवा सहल नसेल तर एका रविवारच्या वर्गाऐवजी, या एका इमारतीत दोन तास. तीनपेक्षा जास्त कामं नकोत. आमच्या गटानं आधीच्या एका सहलीत दीड तासात चार दालनं ‘केली’ होती, आणि त्यातलं एकही चित्र मुलांना आठवत नाही. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, मोठ्यांनीही नाही. मग प्रत्येकानं एक वाक्य मराठीत बोलायचं, ‘मला दिसतं...’ असं सुरू होणारं. ‘मला आवडतं’ नको, त्यानं बघणं थांबतं. पाटी सगळ्यात शेवटी वाचायची. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना घरी ठेवू नका. आमच्या शनिवारी सर्वांत जास्त त्यांनाच दिसलं.

प्रवेशाला पैसे लागत नाहीत. दारं साडेअकराला उघडतात, आणि गॅलरी प्लेस स्थानकातून बाहेर पडलं की इमारत समोरच आहे. दालनात पेन्सिल चालते, शाईचं पेन किंवा स्केचपेन चालत नाही. चित्रं कधी कधी दुसऱ्या शहरांत प्रदर्शनाला जातात, तेव्हा कुठलं काम सध्या भिंतीवर आहे ते आधी विचारून घ्या. ठरवलेलं नसेल तर त्याच मजल्यावरचं दुसरं निवडा. अल्मा थॉमस यांचं एखादं चित्र दिसलं तर तिथे जरूर थांबा. वॉशिंग्टनच्याच एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, आणि निवृत्तीनंतर आपल्या कामाला पूर्ण वेळ दिला. वयाच्या ऐंशीव्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं एकटीचं प्रदर्शन लागलं. आपण रविवारचे शिक्षक आहोत. आपल्याला त्यांची ओळख हवी.

शनिवारनंतरच्या वर्गात मी खडू आणले नाहीत, पोस्टर कलर आणले. पिवळी माती, तांबडा, निळा, काळा, थोडा पांढरा. पुन्हा ‘माझी आजी’. पूर्ण तास नुसता रंग मिसळण्यात गेला, आणि मिसळलेल्या रंगांना मुलांनी नावं दिली : चिंचेचा कोळ, भाजलेला रवा, काकवी, ओली पायरी. ज्या मुलानं मला तो खडू दाखवला होता, त्यानं आजीचा फोटो फोनवर मोठा करून करून बघितला आणि पाचव्या प्रयत्नात त्याला हवा तो रंग सापडला. संध्याकाळी त्यानं चित्र व्हिडिओ कॉलवर नाशिकला दाखवलं. आजीनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि बराच वेळ बघून म्हणाली, “रंग माझाच आहे रे. पण कानामागचा तीळ राहिला.”

त्यानं तो लगेच काढला.

आपली,
मेरीलँडमधल्या एका मराठी शाळेतली शिक्षिका